गेम परेड

नव्वदच्या दशकात यवतमाळच्या पोरांना फौजेत जायचं म्हणजे काय करायचं, हे वेगळं सांगावं लागत नसे. पहाटे चारला उठायचं आणि नेहरू स्टेडियम गाठायचं. अंधारात धावायचं, मग बैठका, जोर, घरी येऊन भिजवलेले चणे खायचे आणि शाळेत पेंगायचं. मे महिन्यातही यात खंड नसायचा.

पण संध्याकाळ वेगळी होती. अर्धं शटर ओढलेल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात आम्ही तासाच्या हिशेबाने बसायचो. एक छोटा टीव्ही, त्याला जोडलेला 'मीडिया'चा डबा, आणि गेम सुरू झाला नाही की कॅसेट काढून तिच्यात मारलेली फुंकर. लावायचो ती बहुतेक वेळा 'कॉन्ट्रा'. त्यातला धबधब्याचा टप्पा आठवतो का? दोन सैनिक खडकाखडकावरून वर चढतात. पुढच्याने घाई केली की पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला खाली मरतो. कितीही चांगला नेम असला तरी जोडीदारासाठी थांबावंच लागायचं. जो थांबत नसे, त्याच्याबरोबर दुसऱ्या दिवशी कुणी बसायचं नाही. लोडशेडिंगने टीव्ही बंद पडला तरी भांडण अंधारात चालू राहायचं.

आमच्या गल्लीतल्या फौजीकाकांनी एकदा तिथेच गाठलं. "भरतीची तयारी हाये ना? मंग इथं काऊन बसला बे?" त्यांच्या लेखी फौजेतला खेळ म्हणजे रोज संध्याकाळची गेम परेड. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, हॉकी. कंपनी विरुद्ध कंपनी सामना असला की साहेबही मैदानात उतरतात, हे ते छाती फुगवून सांगायचे. बटणं दाबणं त्यांना खेळ वाटतच नव्हतं, आणि त्यांना उलटून बोलायची आमची प्राज्ञा नव्हती.

पुढे आमची पिढी पोटापाण्याला लागली आणि जग बदललं. 2007 साली दक्षिण कोरियाच्या हवाई दलाने 'एस' नावाचा व्हिडिओ गेमचा स्वतःचा संघ काढला. तिथे तरुणांना लष्करी सेवा सक्तीची. 'स्टारक्राफ्ट' या गेमचा लाडका खेळाडू लिम यो-ह्वान 2006 मध्ये भरती झाला, तेव्हा ऐन भरातले खेळाडू असे वाया जाऊ नयेत म्हणून ही वाट निघाली. गणवेशातली ही पोरं मोठमोठ्या कंपन्यांच्या व्यावसायिक संघांशी खेळली, बहुतेक वेळा तळाला राहिली, आणि 2012 मध्ये संघ बंद झाला. मला हा संघ फार आवडतो. जिंकण्यापेक्षा खेळाडूचा हात चालू ठेवणं त्याला महत्त्वाचं होतं.

अमेरिकेच्या लष्कराचं कारण वेगळं. 2018 मध्ये भरतीचं उद्दिष्ट हुकलं आणि त्याच वर्षी त्यांनी ई-स्पोर्ट्स संघ उभा केला, तोही भरती विभागाच्या हाताखाली. 2020 मध्ये ट्विच या गेम थेट दाखवणाऱ्या संकेतस्थळावरच्या त्यांच्या वाहिनीवर बक्षिसाच्या दुव्यावर टिचकी मारली की भरतीचा अर्ज उघडतो, हे बाहेर आलं आणि ट्विचने ते थांबवायला लावलं. भरतीची ही रीत मला मुळीच पटत नाही. सोळा वर्षांच्या पोराला फौज दाखवायची तर पहाटेच्या मैदानावर दाखवावी, बक्षिसाच्या आमिषाने नव्हे.

आपल्याकडे हवाई दलाने 2014 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये स्वतःचे मोबाईल गेम काढले. पण जुलै 2020 मध्ये सैन्याने जवानांना 89 अ‍ॅप फोनमधून काढायला सांगितली. त्यात पब्जीही होतं. माहिती फुटण्याची भीती खरीच होती. जवळपास अडीच वर्षांनी, डिसेंबर 2022 मध्ये, केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणलं. आणि 2023 पासून अग्निवीर भरतीचा क्रमच फिरला. आधी संगणकावर परीक्षा, तीत निभावलं तरच मैदान. 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावणाऱ्याला आजही पूर्ण 60 गुण आहेत, पण ते मिळवायला आधी माउस धरावा लागतो. फौजीकाकांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

आजही यवतमाळची पोरं पहाटे धावतात. मोबाईलवर गेम खेळताना त्यांचा चौघांचा स्क्वॉड असतो, पण एक वडगाव रोडला, दुसरा पुसदला, तिसरा नागपूरच्या खोलीवर, आणि चौथ्याला यातल्या कुणी कधी पाहिलेलंही नसतं. त्यांचा नेम आमच्यापेक्षा कैक पटीने चांगला आहे. खांद्याला खांदा लावून बसलेला जोडीदार मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

म्हणून उद्या आपल्या फौजेत व्हिडिओ गेमचा संघ निघाला तर तो गेम परेडचाच भाग असावा. व्हॉलीबॉलच्या जाळ्याशेजारी एक खोली, एकाच बाकावर बसलेले पाच जवान, कंपनी विरुद्ध कंपनी. भरतीची जाहिरात त्या खोलीच्या आसपासही नको. त्या बाकावर दारव्ह्याचा किंवा घाटंजीचा एखादा पोट्टा असला, तर त्याचा सामना बघायला मी रात्र जागेन.