कुंडीतला मोमिजी

माझी लेक जपानमध्ये सैतामाला वृद्धांच्या शुश्रूषेचे काम करते. गेल्या सप्टेंबरात तिच्याकडे गेले. गॅलरीतल्या कुंडीत मोमिजीचे झाड होते. पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत.

"आई, पानझड लवकर आली," ती म्हणाली.

मी मातीत बोट घातले. ठणठणीत कोरडी! कुंडीत माती थोडी, उन्हाने लवकर सुकते. रात्रपाळी करणाऱ्या पोरीला सवड कुठली? कुंडी दुपारच्या उन्हातून सरकवली, रोज सकाळी पाणी घातले. करपलेल्या कडा हिरव्या झाल्या नाहीत. उरलेली पाने मात्र वाचली.

नोव्हेंबरात रात्री गारठल्या. हिरवे द्रव्य ओसरले, पानातल्या साखरेपासून लाल रंग तयार झाला.

तपकिरी कडा तहानेच्या, लाल पान ऋतूचे. निघताना म्हटले, "बाई, तूही वेळेवर जेवत जा."

ती गप्प झाली. मग मान हलवली.