चौदा वर्षांची मुलगी आणि गप्प बसलेला बाप

जून 1812. लंडनहून स्कॉटलंडमधल्या डंडीला निघालेल्या जहाजावर चौदा वर्षांची एक मुलगी एकटीच चढली. जायचं होतं बॅक्स्टर नावाच्या कुटुंबाकडे. वडिलांची ओळख होती, पण तिच्या दृष्टीने सगळेच परके. तब्येतीला हवापालट हवा, हे एक कारण होतं. दुसरं कारण घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं: या मुलीचं आणि सावत्र आईचं पटत नव्हतं. वडिलांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे मुलीलाच लांब ठेवणं. मुलीचं नाव मेरी गॉडविन. पुढे मेरी शेली म्हणून ती जगाला ठाऊक झाली आणि 1818 साली तिची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

किशोरवयीन मुली आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम करताना मला हे घर वारंवार आठवतं. त्या घरातल्या माणसांच्या रोजनिश्या आणि पत्रं शिल्लक आहेत, त्यामुळे आज जगणाऱ्या कुठल्याही कुटुंबाचं गुपित न फोडता त्याच्याविषयी मोकळेपणाने बोलता येतं.

मेरीची आई म्हणजे स्त्रियांच्या हक्कांसाठी लेखणी चालवणारी मेरी वुलस्टनक्राफ्ट. 1797 मध्ये लेकीला जन्म देऊन ती थोड्याच दिवसांत गेली. मागे राहिल्या दोन मुली: तान्ही मेरी आणि तीन वर्षांची फॅनी. फॅनी आईच्या आधीच्या नात्यातली, म्हणजे विल्यम गॉडविन तिचा सावत्र बाप. 1801 मध्ये गॉडविनने मेरी जेन क्लेअरमाँटशी लग्न केलं. ती आपली दोन मुलं घेऊन आली, आणि मग दोघांना एक मुलगा झाला. एका छपराखाली पाच मुलं, पण आई आणि वडील दोन्ही तेच असलेली त्यांत एकही जोडी नाही. गॉडविनच्या अभ्यासिकेत पहिल्या बायकोचं मोठं तैलचित्र टांगलेलं होतं आणि लग्नानंतरही ते तिथेच राहिलं.

हे चित्र महत्त्वाचं आहे. मेरीसाठी ते आईचं उरलेलं एकमेव रूप होतं. दुसऱ्या बायकोसाठी तीच भिंत रोजची तुलना होती. मेरी जेनला चरित्रकारांनी बऱ्याचदा खलनायिका ठरवलं, पण ती कष्टाळू बाई होती. फ्रेंचमधून भाषांतरं करायची, मुलांच्या पुस्तकांचं प्रकाशन आणि दुकान सांभाळायची. त्या व्यवसायावर नावही तिचंच होतं. नवरा कायम कर्जात. पाच मुलांचा संसार ओढत, गेलेल्या सवतीच्या चित्राखाली राहणाऱ्या बाईच्या मनातही साचत असेलच. सावत्र आईची बाजू समजून घेतल्याशिवाय त्या घरातल्या मुलीलाही मदत करता येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

पण समजून घेणं म्हणजे सोडून देणं नव्हे, आणि जबाबदारीची वाटणी करताना पहिलं बोट गॉडविनकडेच जातं. एका पत्रात त्याने दोघी बहिणींची तुलना केली आहे. मेरी धीट, काहीशी हुकूमत गाजवणारी, तल्लख. फॅनी शांत, सौम्य, विनयशील. मुलींचे स्वभाव त्याने अचूक टिपले होते, मात्र लाडक्या लेकीच्या धारेला घरात वाट काढून देणं त्याला जमलं नाही. तिने रागवावं, त्याने अभ्यासिकेत जावं आणि दोन बायकांनी आपसात निस्तरावं, असा त्या घराचा रिवाज दिसतो.

जुलै 1814 मध्ये सोळा वर्षांची मेरी कवी पर्सी शेलीसोबत घर सोडून गेली. तो विवाहित होता. सोबत मेरी जेनची मुलगी, म्हणजे मेरीची सावत्र बहीणही निघाली. आता गॉडविनने काय करावं? त्याने मुलीशी बोलणंच टाकलं. दोन वर्षांहून जास्त काळ. या अवधीत तिचं पहिलं मूल जन्मून काही दिवसांत दगावलं, तरी त्याचा अबोला सुटला नाही. त्याच शेलीकडून पैसे मागणं मात्र चालूच होतं. 1816च्या डिसेंबरअखेर शेलीची पहिली पत्नी वारल्यावर त्या दोघांचं रीतसर लग्न झालं, तेव्हा त्याने लेकीला पुन्हा जवळ केलं. आजच्या मानसशास्त्रात याला भावनिक छळच म्हणतील. शिक्षा म्हणून प्रेम काढून घेणं हा त्यातला सर्वांत शांत आणि सर्वांत खोल जाणारा प्रकार. सावत्र आईच्या हजार टोमण्यांपेक्षा सख्ख्या बापाचा अबोला जास्त कापतो.

आणि फॅनी? ती भांडली नाही, पळाली नाही. दोन्ही बाजूंचे निरोप पोचवत राहिली, सगळ्यांची समजूत काढत राहिली. आई गेल्यापासून त्या घरात तिचं रक्ताचं माणूस म्हणजे सावत्र बापाची ती धाकटी लेक मेरी, आणि तीही निघून गेलेली. ऑक्टोबर 1816 मध्ये, बाविसाव्या वर्षी, घरापासून दूर वेल्समधल्या स्वान्सी गावी फॅनीने आयुष्य संपवलं. अशा मृत्यूला एकच कारण कधी नसतं. पण गॉडविनने ही गोष्ट दडपली, आणि मृत्यूनंतरही तिच्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोललं नाही.

सावत्र घरातली मुलगी चिडते, दार आपटते, उलट बोलते, तेव्हा पालक तिला घेऊन समुपदेशकाकडे येतात. ‘हिला जरा समजवा.’ तिची शांत बहीण मात्र घरीच असते, कारण ‘तिचा काही त्रास नाही’. मला काळजी वाटते ती घरी राहिलेलीची. चिडणाऱ्या मुलीला अजून आशा असते की कोणीतरी ऐकेल. राग हा तिचा शेवटचा अर्ज असतो. तो फेटाळला गेला की मगच ती गप्प होते, आणि घरच्यांना वाटतं, चला, सुधारली.

अमेरिकेत मेव्हिस हेदरिंग्टन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सुमारे 1400 कुटुंबांचा तीन दशकं मागोवा घेतला. घटस्फोट आणि पुनर्विवाह पाहिलेल्या मुलांपैकी 20 ते 25 टक्के मुलांना गंभीर अडचणी आल्या, तर न मोडलेल्या कुटुंबांत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे बहुसंख्य मुलं सावरतात, हेही त्यातच आलं. पण सर्वांत खडतर वाट कोणाची? नुकत्याच वयात येणाऱ्या मुलींची, विशेषतः घरात सावत्र वडील आल्यावर. याचं कारण आपल्याकडच्या घरांना लगेच पटेल. आई एकटी असते त्या वर्षांत लेकच तिची मैत्रीण होते. पगार कुठे खर्च करायचा, मामाला काय सांगायचं, हे दोघी मिळून ठरवतात. रात्री एकाच अंथरुणावर झोपतात. मग एक दिवस तिसरा माणूस येतो आणि मुलीला सांगितलं जातं की तू अजून लहान आहेस. तिचे वडील गेले होते, आता आईही गेली. या दुःखाला घरात कोणी दुःख म्हणत नाही, त्यामुळे ते रागाच्या रूपाने बाहेर येतं.

हेदरिंग्टनबाईंचं आणखी एक निरीक्षण कामाचं आहे. ज्या सावत्र वडिलांनी सुरुवातीला शिस्तीचा बडगा हातात घेतला नाही, आईच्या निर्णयांना मागून आधार दिला आणि आधी ओळख वाढवली, त्यांना मुलांनी लवकर स्वीकारलं. पॅट्रिशिया पेपर्नो या दुसऱ्या तज्ज्ञ सांगतात की चांगलं जमलेल्या सावत्र कुटुंबांनाही रुळायला चारेक वर्षं लागतात, अनेकांना त्याहून जास्त. आपल्याकडे मात्र लग्नाच्या हॉलमध्येच मुलीला सांगतात, ‘आजपासून यांना बाबा म्हणायचं.’ हा हट्ट सोडावा. ‘काका’ म्हणू द्यावं.

कुरबुर कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो? टॉवेल बेडवर टाकलास म्हणून ओरडणं ही कुरबुर. ‘आईच्याच वळणावर गेलीस’, ‘आमचं खातेस आणि आम्हालाच डोळे दाखवतेस’, ‘तू नसतीस तर आमचं सुरळीत चाललं असतं’ ही वाक्यं पुन्हा पुन्हा येऊ लागली की तो छळ. पाहुण्यांसमोर फक्त तिचेच मार्क सांगणं, आजीला फोन करू न देणं, आठवडाभर सगळ्यांनी मिळून अबोला धरणं, हेही त्यातच. मुलीच्या कृतीवर बोट न ठेवता तिच्या असण्यावरच ठेवलं जातं, ही त्याची खूण.

हा प्रकार सावत्र घरांपुरता आहे, असं मात्र कोणी समजू नये. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर दुसऱ्या मुलाने भावनिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि त्यांपैकी 83 टक्के प्रकरणांत तो करणारे पालकच होते.

ध्रुवाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली. सावत्र आई सुरुचीने त्याला बापाच्या मांडीवर बसू दिलं नाही, तिचे शब्द आपल्या लक्षात राहिले. उत्तानपाद राजा तिथेच बसून होता आणि एक अक्षर बोलला नाही, हे मात्र आपण विसरतो.

कायदाही सख्ख्या पालकाकडेच पाहतो. 1956च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून जे आई-वडील मोजले आहेत, त्यांत सावत्र आई-वडील येत नाहीत. 2015च्या बाल न्याय कायद्याचं 75वं कलम मात्र ताब्यातल्या मुलाला विनाकारण मानसिक यातना देणाऱ्या कोणालाही लागू होतं, मग नातं सख्खं असो की सावत्र. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. पतीच्या निधनानंतर पुनर्विवाह केलेली आई मुलाचं आडनाव ठरवू शकते, आणि कागदपत्रांवर नव्या पतीचा उल्लेख ‘सावत्र वडील’ असा करायला लावणं मुलाच्या मनाला घातक आहे, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल योग्यच आहे. पण मुलगी चौदा वर्षांची असेल तर आडनाव बदलण्याआधी तिला विचारा.

पुनर्विवाह केलेल्या प्रत्येक आईला आणि वडिलांना एक विनंती आहे. आठवड्यातून एक तास फक्त लेकीसाठी ठेवा, नवा जोडीदार सोबत नको. ती चिडून बोलली तर त्या तासात उत्तर देऊ नका, ऐका. घरातलं कोणी तिला टोचून बोललं तर त्याच क्षणी, तिच्या देखत, तुम्ही बोला. नंतर तिला एकटीला गाठून समजूत काढलेली पुरत नाही. आणि हे वाचणारी एखादी मुलगीच असेल, तर तिच्यासाठी 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे. फोन मोफत आहे, रात्रीही लागतो, आणि तो करायला मोठ्यांची परवानगी लागत नाही.