अर्धा कप

माझ्या आईला पूर्ण कप चहा पिताना मी कधी पाहिलेले नाही. "अर्धाच दे गं," असे ती सुनेला रोज सांगते. घरात दूध आहे, साखर आहे. तरी कप अर्धाच! या सवयीला मी चिकटपणा म्हणत आलो आणि चारचौघांत तिची थट्टाही केली. मराठीचा प्राध्यापक मी. मला शब्दांची काय वाण!

गेल्या मे महिन्यात आम्ही सारे आठ दिवस गावाला जाऊन आलो, तो गॅलरीतला मोगरा मान टाकून बसलेला. "गेला बिचारा!" मी म्हणालो. आमच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे एक स्नेही चहाला आले होते. ते हसून म्हणाले, "गेला नाही हो. दारे लावून बसला आहे!"

मग त्यांनी समजावून सांगितले. पानांवर बारीक रंध्रे असतात. झाडातले पाणी वाफ होऊन जाते ते बहुतेक त्यांतूनच. ती मिटवणारे एक प्रथिन झाडात सदैव हजर असते. पण सुबत्तेच्या दिवसांत दुसरे एक प्रथिन त्याचा हात धरून ठेवते. पाणी तुटले की ॲब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते. त्याची ओळख पटणारे तिसरे प्रथिन शास्त्रज्ञांना २००९ साली सापडले. ते त्या अडवणाऱ्यालाच धरते. पहिल्याचा हात सुटतो आणि रंध्रे मिटतात.

"म्हणजे फुकटात निभावले की!"

"फुकटात कसले? कार्बन डायऑक्साइड आत येतो तोही त्याच दारांनी. तो अडला की अन्न तयार होणे मंदावते. जीव वाचतो, पण वाढ खुंटते."

"बहात्तर साली माझंही तसंच झालं," कोपऱ्यात बसलेली आई सहज बोलून गेली.

१९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. शाळा सुटली आणि ती खडी फोडायला गेली. सुकडी खाऊन दिवस काढले. "पुढं पाऊस झाला रे, पण मुलीला परत शाळेत कोण पाठवतो?"

मोगऱ्याला पाणी घातले, तशी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मान वर केली. पाणी मिळाले की ते संप्रेरक ओसरते आणि झाडाची दारे उघडतात. माणसाचे तसे नाही. पाऊस पडून पन्नास वर्षे उलटली, तरी आईचा कप अर्धाच! आणि तिने वाचवलेल्या त्या अर्ध्या कपांवर मी एम. ए. झालो.

थट्टा आता बंद आहे. सकाळी मी वर्तमानपत्र आधी तिच्यापुढे ठेवतो. ती अक्षर अक्षर लावीत वाचते आणि तेवढ्यात चहा गार होतो. मग सून पुन्हा अर्धा ओतते. हिशेबाने कप पूर्ण होतो. पण हे मी आईला सांगत नाही.