प्रवाळांच्या अंगणात

वसईच्या किनारपट्टीत जन्मलेल्या माणसाला समुद्राची ओळख करून द्यावी लागत नाही, असा बाहेरच्यांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. पाचूबंदर आणि अर्नाळा येथील आमचे कोळी बांधव समुद्रावर जगतात. परंतु वाडीत केळी, पानवेली आणि फुले पिकवणाऱ्या आम्हा शेतकरी कुटुंबांचा समुद्राशी संबंध खाऱ्या वाऱ्यापुरता आणि बाजारात येणाऱ्या मासळीपुरताच. भरतीची गाज रात्री अंथरुणात ऐकू येते, पण पोहता येणारी स्त्री आमच्या पिढीत शोधूनही सापडणार नाही. गोव्यात २४ जून रोजी संत योहान बाप्तिस्ताच्या सणाला, म्हणजे सांजांवला, तरुण मंडळी गावातल्या विहिरींत आनंदाने उड्या घेतात. आमच्याकडे विहिरीच्या काठाशी रेंगाळणाऱ्या मुलाला आई हाताला धरून मागे ओढते.

आमच्या आईला तर त्याचे कारणच होते. १९७४ सालच्या पावसाळ्यात आमचा एकुलता एक भाऊ घरामागच्या बावखलात बुडाला. तो अकरा वर्षांचा होता. आम्ही तिघी बहिणी त्या वेळी तेरा, नऊ आणि पाच वर्षांच्या होतो. थोरलीने त्याला काठावर आणलेले पाहिले. मधलीला फक्त गर्दी आठवते. धाकटीला काहीच आठवत नाही. त्या दिवसापासून आईने घरात एकच कायदा केला: घोट्याच्या वर पाणी चढू द्यायचे नाही. शाळेची सहल राजोडीच्या किनाऱ्यावर गेली की बाईंच्या नावे चिठ्ठी जात असे. धर्मग्रामाच्या वनभोजनालाही आई समुद्राकडे पाठ करून बसे. पाण्याविषयी ती कधी बोलली नाही आणि भावाविषयीही क्वचितच बोलली. २०२२ साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, प्रभूने तिला आपल्याकडे बोलावले.

त्यानंतर मधलीच्या लेकीने आम्हा तिघींना अंदमानला पाठवण्याचा घाट घातला. तिकिटे काढून झाल्यावरच तिने आम्हाला सांगितले, म्हणून नाही म्हणण्याची सोय उरली नाही. २०२५ च्या जानेवारीत आम्ही निघालो.

ज्याला आपण पोर्ट ब्लेअर म्हणत आलो, त्या शहराचे नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे. तेथील सेल्युलर जेल पाहून कोणाही मराठी माणसाचे मन जड व्हावे तसे आमचेही झाले. रविवारी आम्ही स्टेला मारिस कॅथिड्रलमध्ये मिस्साला गेलो. स्टेला मारिस म्हणजे सागराची तारका, पवित्र मरियेचे नाविकांनी आळवलेले नाव. बाकांवर बसलेल्यांपैकी अनेक कुटुंबे छोटानागपूरची होती. १९१८ पासून इंग्रज सरकारने जंगलतोडीच्या कामासाठी रांचीकडून जे आदिवासी मजूर येथे आणले, त्यांचे हे वंशज. त्यांना आजही ‘रांची’ याच नावाने ओळखतात. १९८४ साली येथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले बिशप म्हणून गोव्याच्या पिलार संस्थेचे अलेक्स डायस आले आणि २०१९ पर्यंत त्यांनी ही बेटे सांभाळली. इतक्या दूरच्या वेदीपाशी आपल्या कोकणपट्टीचा धागा सापडावा, याचे आम्हाला समाधान वाटले. त्या मिस्सात आम्ही भावाच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली.

दुसऱ्या दिवशी जहाजाने आम्ही हॅवलॉक बेटावर पोहोचलो. २०१८ च्या डिसेंबरात त्याचे नाव स्वराज द्वीप झाले. गोविंदनगर, विजयनगर, राधानगर ही येथील गावांची नावे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेल्या वस्तीची साक्ष देतात. जेटीवरून छोट्या बोटीने सुमारे वीस मिनिटांवर एलिफंट बीच आहे. काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यापासून थोड्याच अंतरावर प्रवाळांची वसाहत सुरू होत असल्याने पोहता न येणारी माणसेही येथे ‘स्नॉर्कलिंग’ करतात. मास्क लावायचा, नळी तोंडात धरायची आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगत खालचे जग पाहायचे, एवढाच त्याचा अर्थ. बुडी मारणे त्यात येत नाही.

आमच्या वाट्याला आलेला मार्गदर्शक विशीतला रांची मुलगा होता. गळ्यात काळ्या दोऱ्याला छोटा क्रूस होता. आमच्या गळ्यांतले क्रूस पाहून तो हसला आणि त्याचा आवाज एकदम घरच्यासारखा झाला. त्याने जे शिकवले ते येथे क्रमाने सांगतो. वाचकांपैकी कोणी गेले तर उपयोगी पडेल.

मास्क डोळे आणि नाक दोन्ही झाकतो. तो बरोबर बसतो की नाही हे पाहण्यासाठी पट्टा न लावता तो नुसता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हलकेच श्वास ओढायचा. हात काढल्यावरही मास्क चिकटून राहिला तर तो आपल्या मापाचा. कडेत केस अडकला तर पाणी आत शिरते; त्यामुळे मिशीवाल्या पुरुषांना जास्त त्रास होतो, हे ऐकून आम्हा बायकांना उगीचच बरे वाटले. काच धुक्याने भरू नये म्हणून आत थुंकी चोळून ती विसळतात. किळस वाटली तरी उपाय गुणकारी आहे. नळीचे रबरी टोक दातांत धरून ओठ घट्ट मिटायचे. नळीत पाणी शिरलेच तर जोराने फुंकर मारायची, की ते वर उडून जाते. नळी हातभर लांबीचीच का, असे मधलीने विचारले. ती शिक्षिका होती, त्यामुळे प्रश्न विचारल्याशिवाय तिचे समाधान होत नाही. नळी लांब करून खोल गेल्यास पाण्याच्या दाबामुळे छाती फुगतच नाही, श्वास आत येत नाही; म्हणून ती आखूडच हवी, हे तिचे तिलाच मागाहून उमगले.

“आंटी, नाक को भूल जाइए,” तो मुलगा पुन्हा पुन्हा सांगत होता. “मुँह से, धीरे-धीरे, लंबी साँस.” सारा प्रकार या एका वाक्यात आहे. जन्मल्यापासून ज्या वाटेने श्वास घेतला ती वाट बंद झाली की शरीर बंड करते. छाती धडधडते, श्वास तोकडे होतात, आणि नळीत उरलेली शिळी हवाच पुन्हा पुन्हा आत येऊन जीव अधिक घाबरा होतो. म्हणून सावकाश आणि दीर्घ श्वास हेच येथले खरे कौशल्य आहे. तरंगत राहण्याचे काम जाकीट आणि खारे पाणी करतात.

धाकटी पहिल्या पाच मिनिटांत शिकली. मधलीने दोनदा पाणी प्यायले, खोकली, आणि तिसऱ्यांदा तिलाही जमले. थोरली मात्र कमरेएवढ्या पाण्यात मास्क लावून उभी राहिली ती राहिलीच. तिचे ओठ नळीवर घट्ट होते, पण मान खाली जाईना. आम्हा दोघींना कारण ठाऊक होते. त्या मुलाला ठाऊक नव्हते. तरीही त्याने घाई केली नाही. बाकीचे प्रवासी पुढे निघून गेले, तेव्हा तो तिच्यासमोर उभा राहिला आणि आपले दोन्ही हात त्याने तिच्या हातांखाली धरले. “माला बोलती हैं न आप?” त्याने विचारले. “मन में बोलिए. मैं यहीं हूँ.”

तिने डोळे मिटले आणि पाण्यात तोंड घातले. पुढे तिने आम्हाला सांगितले, की एका ‘नमो मरिये’त चार श्वास होत होते. पहिल्या दोन प्रार्थना तिने मिटल्या डोळ्यांनी म्हटल्या. तिसरीला डोळे उघडले. आम्ही तिच्या नळीचे टोक पाहत उभ्या होतो. रोझरीची एक दहावी पूर्ण झाली असेल, तरी तिने डोके वर काढले नाही. शेवटी काढले तेव्हा मास्कच्या आत थोडे पाणी होते. मुलाने पट्टा ढिला आहे असे समजून तो तपासायला हात पुढे केला. पट्टा ठीक होता.

“उजेड आहे,” एवढेच ती म्हणाली.

पन्नास वर्षे तिच्या मनात पाण्याखाली काळोखच होता. बावखलाचे पाणी शेवाळी आणि गढूळ. त्याच्या तळाशी भावाने शेवटी काय पाहिले असेल, हा प्रश्न तिने कोणाला विचारला नव्हता. समुद्राच्या उजेडाने त्या प्रश्नाचे उत्तर दिले असे आम्ही म्हणणार नाही. ते पाणी निराळे, हे निराळे. परंतु पाणी म्हणजे केवळ काळोख नव्हे, हे तिने त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. ते पाहण्यासाठी तिला वयाची त्रेसष्ट वर्षे आणि एका अनोळखी मुलाचे दोन हात लागले.

मग आम्ही तिघी रबरी कड्याला धरून त्याच्यामागून तरंगत गेलो. पाण्यात वस्तू सुमारे एकतृतीयांश मोठ्या आणि जवळ भासतात, त्यामुळे प्रत्येक मासा अगदी हाताशी आल्यासारखा वाटतो. पहिले नवल आवाजाचे. खाली शांतता असेल असे आम्हाला वाटले होते, पण कढईत मोहरी तडतडावी तसा सारखा आवाज येत होता. तो नांगी वाजवणाऱ्या चिमुकल्या कोळंब्यांचा असतो. मध्येच कुरतडण्याचा आवाज येई; हिरवानिळा पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी मेलेल्या प्रवाळावरचे शेवाळ खरवडत होता. त्या खरवडीतला चुना त्याच्या पोटातून बारीक वाळू होऊन बाहेर पडतो, आणि अशा बेटांच्या पांढऱ्याशुभ्र पुळणीत त्याचा मोठा वाटा असतो. समुद्रफुलाच्या विषारी बोटांत नारिंगी क्लाउनफिश निर्धास्त खेळत होते. त्यांच्या अंगावरील बुळबुळीत थरामुळे त्यांना दंश होत नाही. स्तोत्रसंहितेतील १०४ वे स्तोत्र आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. समुद्रातील अगणित लहानमोठ्या जीवांचा त्यातील उल्लेख आम्हाला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळला.

प्रवाळ हा दगड नव्हे, झाडही नव्हे. ती सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल राहते, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि घरभाडे दिल्यासारखे यजमानाला देते. रंगही बहुतांशी त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की ही भागीदारी मोडते; शैवाल निघून जाते आणि प्रवाळ हाडासारखा पांढरा पडतो. १९९८, २०१० आणि २०१६ साली अंदमानातील प्रवाळांवर हे संकट कोसळले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या भूकंपात उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला आणि तेथील प्रवाळ उघडे पडून उन्हात मेले. काही प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे माणसाएवढा उंच प्रवाळ आपल्या पणजोबांच्याही आधीचा.

त्या मुलाने आम्हाला जिवंत प्रवाळांबरोबर मेलेलेही दाखवले. राखाडी तुकड्यांचा विस्तीर्ण सडा पडला होता. त्याच्या वडिलांनी येथे जे पाहिले ते आपण पाहिले नाही, असे तो बोटीत म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात प्रवाळांच्या विनाशाचा मुद्दाम उल्लेख केला, आणि तेथे फिलिपिन्सच्या बिशपांनी १९८८ साली व्यक्त केलेल्या दुःखाला स्थान दिले. ते वाचताना प्रवाळ हा आमच्यासाठी केवळ शब्द होता. आता त्याला चेहरा आला.

म्हणूनच जाणाऱ्यांना आमची विनंती आहे. प्रवाळावर पाय टेकू नये. एका पावलाने अनेक वर्षांची वाढ मोडते. आठवण म्हणून तुकडा उचलू नये, कायद्यानेही तो गुन्हा आहे. अंगाला मलम फासण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, कारण उन्हापासून रक्षणाच्या काही मलमांतील द्रव्ये प्रवाळांना बाधतात. हृदयाचा वा दम्याचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. एकट्याने कधीही उतरू नये, आणि या बेटांच्या खाड्यांत मगरी असल्याने परवानगी असलेल्या जागीच उतरावे.

परतल्यावर थोरलीने नातवाला पोहण्याच्या वर्गात घातले. तो नऊ वर्षांचा आहे. त्यावरून आम्हा तिघींत एक रात्रभर बोलणे झाले. आईच्या कायद्याला आम्ही कधी जाचक म्हटले नाही. एक मूल गमावलेल्या बाईने उरलेली तीन जिवंत ठेवली, तीही ज्या पाण्याने तिचे मूल नेले त्याच्याच काठावर राहून. तिच्या हातांत तेवढाच उपाय होता. आमच्या हातांत दुसरा आहे. स्नानसंस्काराच्या वेळी याजक मुलाच्या मस्तकावर पाणी ओततो तेव्हा आपण भीत नाही; त्या पाण्यातून मूल ख्रिस्ताच्या जीवनात येते असे आपण मानतो. त्याच मुलाला पुढे तळ्याच्या, विहिरीच्या, समुद्राच्या पाण्यात निभावता यावे, एवढी जबाबदारी आपणा आईबापांची, आजीआजोबांची नव्हे काय? प्रत्येक धर्मग्रामात उन्हाळी सुट्टीत नाचगाण्याची शिबिरे होतात. त्यांत पोहण्याचे धडेही असावेत, मुलींसाठी तर अवश्य असावेत.

पहिल्या दिवशी थोरली तलावाच्या कठड्याशी बसली होती. तोंड पाण्याकडे करून.