कवितेखालची तारीख

केशवसुतांचं सुरुवातीचं शिक्षण खेडला झालं. मालगुंडला त्यांचा जन्म झाला, हे सगळ्यांना माहीत असतं. तिथल्या स्मारकाचं उद्घाटन १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झालं, आणि गणपतीपुळ्याला आलेली मंडळी प्रसाद घेतल्यावर तिकडेही एक फेरी मारतात. पण कृष्णाजी केशव दामले नावाचा एक मुलगा आमच्या खेडात पाटी घेऊन शाळेत जात होता, ही गोष्ट खेडमध्ये फारशी कुणी काढत नाही. आमच्याकडे बोलायला जगबुडीचं पाणी असतं, भरणे नाक्यावरचं ट्रॅफिक असतं, आणि कोकणकन्या किती लेट आहे हे असतं.

मलाही हे आमच्या गावात नाही, पुण्याच्या हॉस्टेलवर कळलं. सांगणारा माझा रूममेट होता. तो जळगाव जिल्ह्यातला, फैजपूरच्या बाजूचा. पहिल्याच आठवड्यात त्यानं विचारलं, "खेड म्हणजे रत्नागिरीचं ना? तुमचा केशवसुत आमच्याकडं मास्तर होता, माहितीय का?" मला 'तुतारी' दहावीपर्यंत जेवढी पाठ करावी लागली तेवढीच माहीत होती. तो मेकॅनिकलला होता आणि कविता लिहायचा. कागदावर कधीच नाही. रात्री एक-दीडला, बाजूच्याच कॉटवर पडून, व्हॉट्सॲपवर मला पाठवायचा. मी जागा असलो तरी तोंडी काही सांगायचा नाही. फोन वाजायचा.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, तो गेला. पंचविशीत होता. त्याच्या फोनचं काय झालं ते घरच्यांनाही नीट सांगता येत नाही. गेल्या वर्षी त्याच्या बहिणीचा मला मेसेज आला : "दादा, त्याच्या कविता फक्त तुमच्याकडंच आहेत बहुतेक. पुस्तक होईल का?" मोजल्या तर ११७ मेसेज निघाले. काही पूर्ण कविता, काही दोनच ओळी, आणि काही नुसते 'हे वाच, उद्या बदलतो' असं म्हणून टाकलेले, पुढे कधीच न बदललेले.

तेव्हापासून मी केशवसुत वाचतोय. शाळेतल्यासारखे नाही. हा माणूस गेल्यावर त्याच्या कागदांचं काय झालं, ते कुणी जमवले, कसे छापले, यासाठी वाचतोय.

केशवसुतांचं सगळं आयुष्य बदल्यांचं आहे. खेडनंतर बडोदे, वर्धा, नागपूर, मग पुणे. नागपूरला त्यांची ना. वा. टिळकांशी ओळख झाली. पुढे रेव्हरंड झालेले टिळक ते हेच; तेव्हा नुसते तरुण कवी होते. मॅट्रिक व्हायला १८८९ साल उजाडलं, म्हणजे वयाची तेवीस वर्षं. तोपर्यंत 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' लिहून झाला होता. आपल्याकडे बॅकलॉग राहिलेल्या पोरांना धीर द्यायला हे उदाहरण कुणी का वापरत नाही, कळत नाही. पुढे मुंबईत मिळेल ती नोकरी केली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि ते खानदेशात भडगावला शिक्षक म्हणून गेले. मग बरीच वर्षं फैजपूर. १९०४ साली बदली धारवाडला. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीला प्लेगनंच त्यांना गाठलं. वय एकोणचाळीस. पाठोपाठ काही दिवसांतच त्यांच्या पत्नीही गेल्या.

त्या दिवशी केशवसुतांच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं. ज्याला आपण आधुनिक मराठी कवितेचा जनक म्हणतो, त्याच्या कविता वेगवेगळ्या मासिकांच्या अंकांत आणि वह्यांत विखुरलेल्या होत्या. संख्या फार नाही, सव्वाशेच्या थोडी वर. माझ्या मित्राच्या मेसेजपेक्षा थोड्याशाच जास्त. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी फोन बाजूला ठेवला होता.

या कविता टिकल्या त्या मित्रांमुळे. गोविंद वासुदेव कानिटकर स्वतः कवी होते, न्यायखात्यात नोकरीला होते आणि मासिकही चालवत होते. केशवसुतांच्या सुरुवातीच्या कविता छापण्यात त्यांचा हात होता. हरी नारायण आपटे, म्हणजे 'पण लक्षात कोण घेतो'वाले हरिभाऊ, 'करमणूक' काढत होते. जळगावला नारायण नरसिंह फडणीस 'काव्यरत्नावली' चालवायचे. साहित्यिक गाव म्हटलं की आपल्याला पुण्याचा कट्टा आठवतो. इथे एक मास्तर फैजपूरला बसलाय, त्याचं ऐकणारी माणसं पुण्यात, जळगावात आणि कुठे कुठे आहेत, आणि मधलं सगळं काम टपाल करतंय. घरची ओढही तशीच लांबून. 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यांस' ही त्यांची कविता खानदेशातली आहे. कोकणच्या बाजूनं येणाऱ्या वाऱ्याला अडवून ते घरचं विचारतात. मे महिन्यात जळगावला गेलेल्या कोकणी माणसालाच त्या वाऱ्याची किंमत कळेल. मी एकदा गेलोय, तेही मित्राच्या तेराव्याला जाता आलं नव्हतं म्हणून, लॉकडाऊन उठल्यावर.

मैत्रीबद्दलची त्यांची मला सगळ्यात जवळची वाटणारी कविता मात्र वाऱ्याची नाही. एका मित्राच्या खोलीला कुलूप लागलेलं बघून लिहिलेली आहे. भेटायला गेलो, दार बंद. एवढाच प्रसंग. त्यावर कविता होऊ शकते, हे त्या काळात सुचणं हीच मोठी गोष्ट. देव, राजे आणि पुराणं यांतून बाहेर येऊन मराठी कविता एका खोलीच्या दारापाशी उभी राहिली.

आता जरा लांब जातो. १८६२ साली अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. (त्या युद्धामुळे अमेरिकन कापूस बंद झाला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशांचा पूर आला आणि १८६५ला युद्ध संपताच सगळं कोसळलं. दहावीच्या इतिहासात याची एक ओळ असते.) तर त्या एप्रिलमध्ये ॲम्हर्स्ट नावाच्या छोट्या गावातल्या एमिली डिकिन्सन या एकतीस वर्षांच्या बाईनं एका अनोळखी माणसाला पत्र पाठवलं. सोबत चार कविता. या कवितांमध्ये जीव आहे का, एवढं सांगा, अशी विचारणा. तो माणूस थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन. नवोदितांना सल्ला देणारा त्याचा लेख 'अटलांटिक मंथली'मध्ये नुकताच आला होता. तो गुलामगिरीविरोधी चळवळीतला कडवा कार्यकर्ता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो युद्धावर गेला, आणि गुलामीतून सुटलेल्या काळ्या सैनिकांच्या पलटणीचा कर्नल झाला. पुढच्या वर्षी जखमी झाला. हा माणूस छावणीत असतानाही त्याला डिकिन्सनची पत्रं जात होती.

त्याला तिची कविता धड कळली नाही. छापायची घाई करू नका, असा त्याचा सूर होता. तरी तिनं त्याला सोडलं नाही, त्यानंही तिला. पहिली भेट व्हायला १८७० उजाडलं. पत्रव्यवहार सुरू होऊन आठ वर्षं झाली होती. तिनं आयुष्यात सुमारे अठराशे कविता लिहिल्या, त्यातल्या जवळपास निम्म्या युद्धाच्या वर्षांत. गावातली पोरं मरत होती. कॉलेजच्या अध्यक्षांचा मुलगा, तिच्या भावाचा मित्र, मार्च १८६२ मध्ये मारला गेला, आणि तिनं हिगिन्सनला पत्र पाठवलं ते त्यानंतर महिन्याभरानं. हयातीत छापून आलेल्या तिच्या कविता दहाच्या आसपास. बाकीच्या काही पत्रांतून वाटलेल्या, शेजारच्या घरातल्या वहिनीलाच अडीचशेच्या आसपास पाठवलेल्या, आणि शेकडो तिनं स्वतः शिवलेल्या छोट्या वह्यांमध्ये.

१८८६ला ती गेली. चार वर्षांनी हिगिन्सन आणि मेबल टॉड यांनी निवडक कवितांचं पुस्तक काढलं. ते धडाक्यात खपलं. पण त्यांनी तिची यमकं नीट केली, जागोजागच्या आडव्या रेघा काढल्या, शीर्षकं दिली. वाचकाला रुचेल असं इस्त्री करून दिलं. तिनं लिहिलं होतं तसं सगळं एकत्र वाचायला मिळालं १९५५ साली. मी हे वाचताना हिगिन्सनवर चिडत होतो. मग वाटलं, त्यानं इस्त्री केली नसती तर १८९० मध्ये ते पुस्तक कुणी घेतलं असतं? आणि कुणी घेतलंच नसतं, तर १९५५ मध्ये मूळ कविता शोधायच्या भानगडीत कोण पडलं असतं? मला अजून याचं उत्तर सापडलेलं नाही. पण चीड कमी झाली.

आपल्याकडे हिगिन्सनचं काम हरिभाऊंनी केलं. 'केशवसुतांची कविता' १९१७ साली आली, कवी जाऊन बारा वर्षं झाल्यावर. १९१९ला हरिभाऊ स्वतः गेले. दोन वर्षांचा फरक आहे. घरातली माणसंही काही साधी नव्हती. धाकटे भाऊ मोरो केशव दामले म्हणजे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिणारे. एका घरात एक भाऊ भाषेचे नियम लिहून काढतोय आणि दुसरा 'झपूर्झा' लिहितोय, त्या घरात जेवताना काय बोलणं होत असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

लोकांनी केशवसुतांना लगेच डोक्यावर घेतलं असंही नाही. भाषा ओबडधोबड आहे, संस्कृत शब्द मध्येच दगडासारखे येतात, हे आक्षेप होतेच, आणि खरं सांगायचं तर काही कवितांना आजही लागू पडतात. इंग्रजी सॉनेट त्यांनी मराठीत आणलं, त्याला ते 'चतुर्दशक' म्हणायचे. पुढे 'सुनीत' हा शब्द रुळला, आणि बरं झालं. गोविंदाग्रज स्वतःला अभिमानानं केशवसुतांचा चेला म्हणवून घ्यायचे. १९२५ला अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये 'आम्ही कोण?'चं विडंबन केलं. माझ्या हिशेबात ती पावती आहे. विडंबन त्याचंच होतं, जे सगळ्यांना पाठ असतं.

पण माझ्या कामाला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती एक बारीक गोष्ट. केशवसुतांच्या कवितांच्या खाली वृत्त, ठिकाण आणि तारीख असते. 'तुतारी'खाली मुंबई, १८९३. मी दिवसभर गिट वापरतो. कुठली ओळ कुणी, कधी बदलली याची नोंद नसेल तर आमच्या टीममध्ये आरडाओरडा होतो. त्यामुळे ते ठिकाण आणि तारीख पाहिल्यावर मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. नुसत्या तळटिपा क्रमानं लावल्या तर त्या मास्तराच्या नोकऱ्या, गावं, प्लेगमुळे मुंबई सोडणं, सगळं उलगडत जातं. डिकिन्सननं असलं काही ठेवलं नाही. तिच्या कवितांच्या तारखा लावायला अभ्यासकांना हस्ताक्षर कसं बदलत गेलं, कागद कुठला, यावर वर्षं घालवावी लागली. आणि तिचाही एकच खात्रीचा फोटो आहे. केशवसुतांचा तर एकही उपलब्ध नाही.

माझ्या मित्राचे फोटो हजार आहेत. तारखाही आहेत, मिनिटासकट. कागदच नाही. जुलै २०२१ मध्ये खेडच्या बाजारपेठेत जगबुडीचं पाणी शिरलं तेव्हा आईनं पहिल्यांदा धान्याचे डबे माळ्यावर टाकले, आणि मी लॅपटॉप आणि फोन पिशवीत घालून गळ्यात अडकवला. ११७ मेसेज माझ्या छातीवर होते. त्या दिवशी रात्री मी पहिल्यांदा चॅट एक्स्पोर्ट करून तीन ठिकाणी ठेवलं.

आता टाईप करतोय. अडचण शुद्धलेखनाची आहे. तो इंग्रजी अक्षरांत टाईप करायचा आणि कीबोर्ड त्याचं मराठी करायचा. त्यामुळे ळ चा ल, ण चा न असले घोळ शेकड्यांनी आहेत. ते मी बिनधास्त सुधारतो. यमक चुकलेलं असेल तर हात लावत नाही. एका कवितेवर मात्र दोन आठवडे अडलो. रात्रभर तो काहीतरी बघत बसलाय, आणि टाईप झालंय 'वात'. कुणीही म्हणेल 'वाट'च असणार. पण त्याच्या गावाला तेव्हा रात्री लोडशेडिंग असायचं, आणि दोन ओळींनंतर काजळी आहे.

बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "घरी चिमणी लावायचो आम्ही, ते खरंय. पण तो तिच्याकडं बघत बसायचा का, ते नाही सांगता यायचं. मी झोपलेली असायचे." मग जरा वेळानं तिचा दुसरा मेसेज आला : "दादा, तुम्हाला काय वाटतं?"

'वात' ठेवलंय. खाली लिहिलंय : पुणे, १४ ऑगस्ट २०१९, रात्री १ वाजून १२ मिनिटं.