सज्ज्यातले नगारे

सगळे बाकांवर बसलेले, तोंडं वेदीकडे, आणि वेदीपाशी गाणारं कोणीच नाही! पहिला नगारा वाजला तो पाठीमागून, वरच्या सज्ज्यातून. मग तुताऱ्या, मग मुलांचे कोवळे आवाज. अंगावर सर्रकन काटा आला. मी भाईंदरच्या उत्तनचा, दर्याच्या गाजेत वाढलेला. पण गाणं असं पाठीवर कोसळताना कधी ऐकलं नव्हतं.

हे जर्मनीतलं लाइपझिगचं सेंट थॉमस चर्च. १७२३ पासून १७५० पर्यंत, मरेपर्यंत, योहान सेबास्टियन बाख इथला संगीताचा कारभार पाहत होता. मी ऐकत होतो ते त्याचं ‘ख्रिसमस ओरेटोरिओ’, म्हणजे गाण्यांतून सांगितलेली धर्मकथा, मुळात सहा दिवसांचं. १७३४ चा नाताळ, पुढचे दोन दिवस, नवं वर्ष, त्यानंतरचा रविवार आणि ६ जानेवारीचा तीन राजांचा सण. दर दिवशी येशूच्या जन्मकथेचा एकेक भाग, आपल्याकडे सप्ताहात कथा चालते तसा.

खरं नवल पुढे होतं. पहिल्याच भागात बाळाच्या स्वागताचं गीत आलं, आणि चाल ओळखीची! गुड फ्रायडेला काटेरी मुकुटाच्या गीताला ऐकलेली. पाळण्यापाशी क्रुसाची चाल! आणि ती तरी मूळची चर्चमधली कुठे? १६०१ साली हान्स लिओ हासलरने छापलेलं ते प्रेमगीत. सुरुवातीचे नगारेही ओरेटोरिओच्या आदल्या वर्षी राणीच्या वाढदिवसाला वाजून गेलेले. तिकडे पॅरिसमध्ये संगीतकार शार्पांतिएने १६९४ च्या सुमारास नाताळच्या मध्यरात्रीच्या उपासनेची मिस्सा लोकांच्या ‘नोएल’ म्हणजे नाताळगीतांवर बांधली. त्या काळचं चर्च-संगीत एवढं भरदार झालं, ते चर्चबाहेरची गाणीही आत घेऊन.

हे ऐकताना मला फादर स्टीफन्स आठवत राहिले. जन्माने इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आले, आणि १६१६ साली त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं ते मराठी ओवीत. ज्ञानोबांची ओवी, जात्यावरची ओवी! बाखच्या ११८ वर्षं आधी बेथलेहेमचं बाळ आपल्या छंदात आलं होतं, आणि गोव्याच्या चर्चमध्ये सणावारी ते पुराण वाचलं जात होतं.

लाइपझिगची मुलं आपला ठेवा अजून गातात. उत्तन, डोंगरी, पाली, चौक या आमच्या गावांतल्या गव्हाणींपुढेही स्टीफन्सच्या ओव्या गायल्या जायला हव्यात: नाताळच्या रात्री जन्माचा भाग, ६ जानेवारीला तीन राजांचा. चाल बसवायला आमच्याकडे लग्नात गाणाऱ्या बायका आहेत.