दुधावरची साय

दुधापेक्षा दुधावरच्या सायीला जास्त जपावं, ही म्हण बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे खरी करून दाखवावी लागते. लेक आणि सून कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या ऊसतोडणीला जातात. नातवंडं मागे राहतात, आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत त्यांना जपायचं काम आजीकडे येतं.

शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज, कुठल्याही तालुक्यातल्या वाडीवर किंवा तांड्यावर त्या दिवसांत दारोदार कुलपं दिसतात. कुलूप नसलेल्या घरात म्हातारी माणसं आणि लेकरं असतात. तीन लेकांची मिळून पाच-सहा लेकरं एकाच आजीकडे असली, तरी कुणाला नवल वाटत नाही. या घराला पाळणाघर कुणी म्हणत नाही. पण आईबाप पाच-सहा महिने कोल्हापूर, सांगली किंवा बेळगावकडे असताना रात्रंदिवस लेकरं सांभाळणारं घर दुसरं काय असतं?

मग ते घर चांगलं की नाही, हे कशावरून ठरवायचं? बीड किंवा अंबाजोगाईतले नोकरदार आईबाप शेजारच्या काकूंकडे बाळ ठेवताना निदान चौकशी तरी करतात. आणखी मुलं किती, गॅस कुठे आहे, जिन्याला दार आहे का, दुपारी काकूंचा डोळा लागतो का. आजीला हे कोण विचारणार? सुनेनं विचारलं, तर घरात वाद. लेकाला विचारावंसं वाटत नाही, कारण तो त्याच अंगणात वाढलेला असतो. आणि उत्तर म्हणीनं आधीच देऊन ठेवलेलं असतं: आजी सायीला जपतेच.

जपतेही. त्याबद्दल शंका घेणं अन्यायाचं होईल. पण म्हण मायेची हमी देते, नजरेची देत नाही. हौदावर झाकण आहे का, फवारणीच्या औषधाचा डबा उंच फळीवर आहे की खाटेखाली, रांगतं लेकरू चुलीकडे निघालं तर गुडघे धरून बसलेली म्हातारी कितीशा वेळात उठेल, ही उत्तरं मायेतून मिळत नाहीत. आकडे घेऊन बसावं, तर तेही एका बाजूला ठरत नाहीत. केंद्राच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत 25 मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस होती, रोजचे तास साडेसात. आजीकडे मुलं सहाच. म्हणजे हिशेबात आजी सरस. फक्त तिचं काम रात्रीही थांबत नाही, त्याला सुट्टी नाही, आणि मदतनीस म्हणजे तिचीच आठ-नऊ वर्षांची नात.

साय धरायला दूध तापावं लागतं, मग ते न हलवता ठेवावं लागतं. ज्यांनी ही म्हण रचली, त्यांच्या पातेल्यात दूध आणि साय एकत्रच होती. आजी नातवाला जपत होती, तेव्हा सून त्याच घरात होती, फार तर शेतात. साय वेगळी काढून सहा महिने आजीच्या हवाली करायची, हे त्या म्हणीला ठाऊकच नव्हतं. मग आज तिच्या भरवशावर राहणं कितपत बरोबर? की दुसरा भरवसाच नाही, म्हणून ती अजून टिकून आहे?

अंगावर पिणारं लेकरू मात्र आजीकडे राहू शकत नाही. ते आईबरोबर उसाच्या फडात जातं. झाडाला नाहीतर गाडीला झोळी बांधतात आणि थोरल्या बहिणीला राखणीला बसवतात. आई मोळ्या बांधत पुढे सरकते, झोळी मागे पडत जाते. त्याच उसात जुन्नर, संगमनेर, शिराळा या भागांत बिबट्याची मादी पिलं घालते. उंच, दाट, पाण्याजवळचा ऊस तिला जंगलासारखाच वाटतो.

तोडणी चालू असताना बछडे सापडले, की काम थांबतं. वनविभागाला फोन जातो. जुन्नरजवळच्या माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. तिथल्यासारख्या केंद्रांतले पशुवैद्य बछडे तपासतात. संध्याकाळी बछड्यांना खोक्यात घालून सापडल्या जागीच ठेवतात, कारण आई तिथेच शोधत येते. जवळ कॅमेरा लावतात आणि माणसं लांब जाऊन थांबतात. बहुतेकदा रात्री मादी येते आणि एकेक पिलू तोंडात धरून नेते. किती शहाणपणाची रीत आहे ही. आईपासून पिलू तुटू नये, एवढं एकच सूत्र धरून ती बसवली आहे. मग त्याच फडाच्या बांधावर झोळीत निजलेल्या लेकरासाठी अशी रीत का बसली नाही? कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 48 प्रमाणे तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील, तर पाळणाघर द्यावं लागायचं. पण फड म्हणजे कारखाना नव्हे, आणि मोळी बांधणाऱ्या बाईची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आलेली असते.

आणि पाळणाघर मिळालं, त्यात कॅमेराही लावला, तरी सगळं भागत नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली. कॅमेरा चालू होता. मारहाण त्यात दिसली, थांबली नाही. तिथे फी होती, नोकरीवर ठेवलेली बाई होती, फक्त माया नव्हती. आजीकडे माया आहे आणि बाकीचं काही नाही. यातलं कोणतं घर अधिक धोक्याचं, याचं उत्तर द्यायला जावं तितकं ते हातातून निसटतं.

आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांची हंगामी वसतिगृहं शाळेत नाव असलेल्यांसाठीच आहेत. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं बसतात, तीही काही तासच. 2022 मध्ये मिशन शक्तीत आलेल्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिन्यांपासूनच्या बाळांसाठी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. ते आजीपेक्षा बरं ठरेल का, कोण जाणे. कदाचित आजीलाच तिथे दिवसभर बसवणं उत्तम. कारखान्यांचे बॉयलर पेटण्याआधीच्या ग्रामसभेत निदान हा विषय निघावा. आणि आपल्या शेजारी असं घर असेल, तर एकदा जाऊन हौदावरचं झाकण आणि औषधाचा डबा तेवढा पाहून यावा. आजीला त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.